पट्टा तुटतो तो चढावरच

१६ एप्रिल १९९६, मंगळवार

तिसरा पट्टा गेला. एकोणीस तास. पहिला एकतीस तास चालला होता, दुसरा सव्वीस. ऊन चढतंय तसा आकडा खाली येतोय.

ड्रायव्हर इक्बालभाईंनी गाडी नदीकडून शेडपर्यंत ट्रॅक्टरला बांधून आणली. गाडीच्या आधी वास आला, जळक्या रबराचा.

"मैडम, महक तो पहले ही आ गई थी. हम समझ गए थे."

समजलं होतं तर थांबलात का नाही?

"रेत में थे. रुकते तो धँस जाते."

म्हणजे अडकल्यावर रेस दिली. चाकं जागची हलत नाहीत, पुढची पुली फिरत राहते, आणि पट्टा एकाच जागी घासला जातो. तुकडे जुळवून पाहिले. तेवढ्याच टापूत पट्टा कातरल्यासारखा बारीक. बाकी सगळा ठणठणीत.

घरी लेकीने, मुक्ताने, विचारलं, "आपकी गाड़ी में गियर क्यों नहीं है?" तेरा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. तिला दोन वाट्या आणि केसांचं रबर घेऊन दाखवलं. एक पुली इंजिनाकडे, एक चाकांकडे, मध्ये पट्टा. पुल्या उघडमीट करतात, पट्टा वरखाली सरकतो, गाडी आपोआप हळू किंवा जोरात. "और रबर टूट गया तो?" तर इंजिन नुसतं ओरडत राहतं. चाकांचा आणि त्याचा संबंध संपला.

"चढ़ाई पर टूटा तो?"

गॅसकडे वळले. भाजी करपत होती.

१८ एप्रिल, गुरुवार

भटनागर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कारखाना त्यांचा, चिनहटमध्ये शेड त्यांची, गाडीचं स्वप्नही त्यांचंच. आठ गाड्या सरकारी विभागाला द्यायच्यात, पावसाळ्याच्या आत. चार जाडजूड चाकं, पुढे ड्रायव्हर, मागे स्ट्रेचर. घाघरा नदीच्या काठच्या गावांत पाणी शिरलं की तिथून आजारी माणूस, बाळंतीण, जे कोण असेल ते उचलायचं, चिखलातून बंध्यापर्यंत आणायचं आणि बंधा चढून वर पक्क्या रस्त्यावर. नदीला बांध घालतात त्याला इथे बंधा म्हणतात. तीन माणसं उंच, भुसभुशीत मातीचा.

"मिसेज माने, पट्टा तो घिसेगा ही. टायर भी घिसता है."

टायर झिजला तर गाडी चालते, साहेब.

हसले. "इसीलिए तो आपको रखा है."

 आठ गाड्यांच्या पट्ट्यांवर सही माझी असणार.

२२ एप्रिल, सोमवार

सकाळपासून चौथ्या पट्ट्याचं झाकण उघडून बसले. जे दिसलं ते :

झाकणात काळी भुकटी, टाल्कम पावडरसारखी. तो पट्टाच आहे, पीठ झालेला.

हवा आत घ्यायचं तोंड खाली, सायलेन्सरच्या शेजारी. म्हणजे पट्टा गार करायला आपण त्याला गरम हवा पाजतोय, वर धूळ.

पोलादी पट्टी लावून पाहिली. दोन्ही पुल्या एका रेषेत नाहीत, दीड मिलिमीटरचा फरक. पट्टा तिरका चालतो, एक कड आधी खातो.

पुलीवर ग्रीसची बोटं. कोणाची ते विचारलं नाही, सगळ्यांनीच हात मागे घेतले.

लिहिताना बाबांच्या गिरणीची आठवण आली. कोल्हापूरला, आमच्या घराला लागूनच होती. मी आठ-नऊ वर्षांची. मोटारीचा रुंद पट्टा सुटला आणि तुकाराममामांच्या तोंडावर बसला. आवाज टाळी वाजवल्यासारखा, एकच. त्यानंतर मामा एका डोळ्याने पीठ चाळायचे. इंजिनिअरिंगला गेले तेव्हा सगळे म्हणाले, गिरणीवाल्याची पोर, रक्तातच आहे. रक्तात काय आहे ते मलाच ठाऊक. अजूनही चालू पट्ट्याच्या रेषेत मी उभी राहत नाही. शेडमध्ये हे कोणाला कळू दिलेलं नाही. इथे मी एकटीच बाई. भीती दिसली की दुसऱ्या दिवसापासून कोणी माझं ऐकायचं नाही.

३० एप्रिल, मंगळवार

चांगला दिवस. लिहून ठेवते, असे कमी येतात.

हवेचं तोंड वर नेलं, सीटच्या मागे, फोमची जाळी लावून. पुल्या एका रेषेत आणल्या, पातळ चकत्या घालून. पुली फक्त स्पिरिटने पुसायची, हात धुऊन. नवा पट्टा पहिले पन्नास किलोमीटर लाडाने चालवायचा, ओझं नाही, एकदम रेस नाही. चढ, चिखल, वाळू आली की आधी लीव्हर हळू चालीवर टाकायचा, मगच आत शिरायचं. अडकलं तर रेस देत बसायचं नाही, उतरून फावडं घ्यायचं.

इक्बालभाई तीस वर्षं ट्रक चालवत होते. वाटलं, त्यांना पटणार नाही. पण म्हणाले, "यह तो घोड़ी वाली बात हुई. पहले टहलाइए, फिर दौड़ाइए." ते निशातगंजचे; वडिलांचा टांगा होता.

चौथा पट्टा अडतीस तास. अजून चालू आहे.

६ मे, सोमवार

एक्केचाळीस तास. नवा पट्टा तीस मिलिमीटर रुंद असतो. अठ्ठावीसच्या खाली गेला की काढायचा, हे मीच ठरवलंय. आज अठ्ठावीस पूर्णांक चार.

गुरुवारी विभागाचे दोन साहेब पाहायला येणार. दीडशे किलो वाळूची पोती टाकून इथल्या नदीचा बंधा चढून दाखवायचा. नवे पट्टे कानपूरहून निघालेत म्हणे. निघालेत हे शनिवारपासून ऐकतेय.

९ मे, गुरुवार

इक्बालभाई हॉस्पिटलात. जिवंत आहेत.

आज एवढंच.

१० मे, शुक्रवार

 जमेल तेवढं लिहिते.

काल सकाळी आठला पट्टा मोजला. चार जागी. अठ्ठावीस, अठ्ठावीस पूर्णांक एक, अठ्ठावीस. चौथ्या जागी सत्तावीस पूर्णांक सहा. पुन्हा मोजलं. तेवढंच. बुधवारी सरावात गाडी वाळूत थोडी रुतली होती, त्याची खूण.

नवे पट्टे आलेले नव्हते. साहेब लोक अकराला यायचे होते. भटनागर साहेब अंगणात पाणी मारून घेत होते, बंध्यापाशी खुर्च्या मांडून घेत होते. मी मोजायचा वर्निअर खिशात ठेवला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : २८. फक्त अठ्ठावीस.

एक चढण. चाळीस-पन्नास फूट. तेवढं निघेल, असं वाटलं. नाही, असं वाटून घेतलं.

पोती लादली. इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. हळू चालीवर टाकून व्यवस्थित निघाले. निम्म्याच्या वर गेले आणि टाळी वाजली. तोच आवाज. इंजिन किंचाळायला लागलं, गाडी क्षणभर तिथेच, मग मागे. त्यांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी नाही थांबली. माती भुसभुशीत, तशीच घसरत आली, आडवी झाली आणि कलंडली. पोती आधी पडली, मग ते. खुर्चीवरचे साहेब उभे राहिले. मी कशी पळत गेले आठवत नाही. चपला नंतर कोणीतरी आणून दिल्या.

गळ्याजवळचं हाड मोडलंय, दोन बरगड्या, उजवा हात खांद्यातून निसटलेला. डोकं वाचलं.

मागे पोत्यांच्या जागी माणूस असता तर.

११ मे, शनिवार

हॉस्पिटलात गेले. त्यांची बायको शमीमभाभी बाहेर बाकावर. मला पाहून उठून उभी राहिली, बसायला जागा दिली. 

आत इक्बालभाई. बोलताना दम लागतो. "मैडम, आप परेशान न हों. हमने लिखवा दिया है, पैर ब्रेक से फिसल गया था."

असं का लिहवलंत?

"साहब की बात रह जाएगी. आपकी नौकरी भी नई है. हमारा क्या है, हड्डी है, जुड़ जाएगी."

 संत्री ठेवून निघून आले. टेम्पोत इंदिरा नगरच्या घरापर्यंत रडू दाबत. शेजारची बाई सारखी बघत होती.

१३ मे, सोमवार

भटनागर साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे केला. ड्रायव्हरची चूक, पट्टा पडल्याच्या झटक्याने तुटला. म्हणजे आधी गाडी पडली, मग पट्टा. उलट. खाली माझं नाव, सहीला जागा.

"विभाग वाले घबरा गए हैं. यह काग़ज़ चला जाए तो जून में गाड़ियाँ जा सकती हैं."

म्हटलं, उद्या देते. तब्येत ठीक नाही. 

कपाटातलं रजिस्टर तीनदा उघडून पाहिलं. माझंच अक्षर. २८. किती सुबक काढलंय.

१५ मे, बुधवार

सुहासला सांगितलं. दोन दिवस लपवलं, पण सहा वर्षं बँकेत माणसांचे चेहरे वाचणारा नवरा, कळलंच त्याला. संध्याकाळी गच्चीवर चहा घेऊन गेलो.

तो म्हणाला, "अंजू, सही करू नकोस. पण पॉइंट सहाचं कोणाला सांगूही नकोस. पोलिसात जाईल. मुक्ताचा विचार कर."

म्हणजे इक्बालभाईंनी चूक घ्यायची?

"त्यांनी आपणहून घेतलीय."

त्यांना माहीत नाही म्हणून घेतलीय, सुहास. त्यांना वाटतं मी चांगली आहे.

तो म्हणाला, चहा गार झाला, दुसरा करतो. स्वतः उठून केला. मला भीती कशाची जास्त वाटते तेच कळत नाही. पोलिसांची, नोकरीची, की त्या माणसाच्या तोंडाची, खरं ऐकल्यावर कसं होईल त्याची.

बहुतेक शेवटचीच.

१७ मे, शुक्रवार

सांगितलं.

इक्बालभाई आता घरी आहेत. निशातगंजच्या गल्लीत, वर दोन खोल्या.  शमीमभाभीने सरबत आणलं. तिच्यासमोरच बोलले, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. पट्टा सकाळी मोजला होता. कमी भरला होता. मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला मान हलवली.

पंख्याचा आवाज. भाभी दारातच थांबली.

इक्बालभाई छताकडे बघत म्हणाले, "कितना कम था?"

पॉइंट चार.

त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याची आणि बोटाची चिमूट केली, त्यात नखाएवढं अंतर ठेवून पाहत राहिले. "इतना?"

याच्याही निम्म्याहून कमी.

भाभी आतल्या खोलीत गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. ती परत बाहेर आली नाही, मी निघाले तेव्हाही नाही. तिचं बरोबरच आहे.

ते म्हणाले, "आपने हमसे पूछ लिया होता, मैडम. हम कह देते, आज गाड़ी नहीं चढ़ेगी. ड्राइवर के कहने पर कौन नाराज़ होता है, दो गाली देते, बस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "हमने तो आपकी गर्दन देखकर एक्सीलेटर दबाया था."

माफी मागितली. त्यांनी काही म्हटलं नाही, ना हो, ना नको. दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, "साहब को बताइए. बाक़ी गाड़ियाँ भी तो जाएँगी."

२० मे, सोमवार

भटनागर साहेबांना सांगितलं. दार लावून. कागद सही न करता परत दिला, वर माझा कागद ठेवला, सत्तावीस पूर्णांक सहा लिहिलेला.

वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. साठीचा माणूस एकदम सत्तरीचा दिसला. "आप जानती हैं, इसमें मेरा क्या-क्या लगा है?"

माहीत आहे.

"और आप चाहती हैं मैं विभाग को लिखूँ कि मेरी इंजीनियर ने झूठा नाप लिखा?"

मला काय हवंय ते मला तरी कुठे नीट माहीत होतं. म्हटलं, पट्टा झिजण्यापासून वाचवता येतो साहेब. चौथा एक्केचाळीस तासांच्या वर चालला, आधीच्या तिघांच्या सरासरीच्या दीडपट. पण तो कधी संपला हे ड्रायव्हरला कळलं पाहिजे. त्याला विचारलं पाहिजे. तो नाही म्हणाला तर गाडी नाही निघणार.

ते उठून खिडकीशी गेले, तिथूनच म्हणाले : "दो हफ़्ते. फिर उसी बंधे पर, पूरे वज़न के साथ. तब तक किसी को कोई काग़ज़ नहीं जाएगा." इक्बालभाईंच्या नावाचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला नाही. खणात ठेवला.

नोकरीवरून काढलं नाही. अजून तरी नाही.

२४ मे, शुक्रवार

बेचाळीसच्या वर पारा. दुपारी वीज नाही, शेडचे पत्रे तापून कडकडतात.

काम चाललंय. वर्निअर ड्रायव्हर लोकांना जमणार नाही, म्हणून लोखंडी पट्टीला एक खाच कापून घेतली, बरोब्बर अठ्ठावीसची. पट्ट्यावर घालायची, सगळीकडे फिरवायची. खाच कुठेही खाली उतरली की पट्टा काढून फेका. मोजमाप नाही, आकडा नाही, लिहिणं नाही. माझ्यासारखं कोणाला अठ्ठावीस लिहिता येणार नाही.

झाकणाचे स्क्रू काढून चार पंखवाले नट लावले, हाताने उघडणारे. सीटखाली एक जादा, सुटा पट्टा, बांधून. आणि मागच्या चाकांना लाकडाची पाचर, दोरीने लटकवलेली, चढावर बंद पडली तर मागचा माणूस उतरून लावू शकेल अशी. भटनागर साहेब म्हणाले, बैलगाड़ी बना दी. मग स्वतःच पाचर हातात घेऊन म्हणाले, थोडी और चौड़ी कीजिए.

रोज नवा पट्टा चालू करते तेव्हा झाकणापासून बाजूला उभी राहते. आज पहिल्यांदा मिस्त्रीने पाहिलं आणि तोही बाजूला सरकला. हसला नाही.

३ जून, सोमवार

आज बंधा.

गाडी चालवायला कोणी तयार नाही. आहेत ते दोघं ड्रायव्हर सकाळपासून गायब, एकाचा मेव्हणा आजारी, दुसऱ्याचा पाय. इक्बालभाई हात गळ्यात बांधून रिक्षाने आले, उतारावर खुर्ची टाकून बसले. मला सलाम केला. बस्, तेवढाच. पण आले.

नवा पट्टा, पन्नास किलोमीटर लाडाने चालवलेला. खाच त्यांच्याच हातात दिली. डाव्या हाताने फिरवली, सगळीकडून. "ठीक है. चढ़ेगी."

पोती लादायला लागले तेव्हा मी म्हटलं, थांबा. पोती नको. मी झोपते.

 मला स्वतःलाच माझा आवाज परका वाटला. जिथे माणूस ठेवणार तिथून बंधा कसा दिसतो हे कोणाला माहीत आहे? पोत्याला भीती वाटत नाही, पोत्याने कधी काही सांगितलं नाही.

भटनागर साहेब म्हणाले, "आप लेटेंगी?" मग रुमाल काढला, डोक्याला बांधला. "तो चलाऊँगा मैं."

आडवी झाले. स्ट्रेचरचे पट्टे बांधले, पायांशी उरलेल्या वजनाची दोन पोती. पाय नदीकडे, डोकं बंध्याकडे. वर पांढरं आभाळ, एक घार. इंजिनाचा आवाज पाठीतून येतो, कानातून नाही. चढ लागला आणि डोकं पायांपेक्षा वर गेलं, सगळं शरीर मागे ओढलं जायला लागलं, नदीकडे. मी उलटे आकडे मोजायला सुरुवात केली, पन्नासपासून. चाळीसला गाडी किंचित डगमगली. तोंडातून किंकाळी निघाली असावी. नंतर सांगितलं कोणी नाही, पण घसा दुखतोय. साहेब पुढून काहीतरी पुटपुटत होते. खालून इक्बालभाईंचा आवाज, "रेस मत दीजिए! अपने आप चढ़ेगी! रेस मत दीजिए!"

सतराला वर पोचलो.

साहेब बराच वेळ स्टिअरिंग सोडेनात. मी सुटून उतरले आणि रस्त्यावरच बसले.  आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग पुन्हा चढलो. पाच वेळा. पाचही वेळा तितकीच भीती, थोडीही कमी नाही. मला वाटलं होतं सवय होईल.

७ जून, शुक्रवार

विभागाला कागद गेला. भटनागर साहेबांनी लिहिलं, मी वाचलं. "मापन में चूक हमारी ओर से हुई, चालक की नहीं." माझं नाव नाही. इक्बालभाईंचा पगार चालू राहील, हात बरा होईपर्यंत ते नव्या ड्रायव्हरांना शिकवतील. खणातला जुना कागद माझ्या हातात दिला, फाडायला. पॉइंट सहाचा उल्लेख कुठेच नाही. पुरेसं आहे का? नाही. पण मीही पुढे काही म्हटलं नाही.

शमीमभाभीला निरोप पाठवला की भेटायला येऊ का. उत्तर नाही.

१४ जून, शुक्रवार

आठ ड्रायव्हर आले, तीन दिवस राहिले. इक्बालभाई शिकवतात, मी बाजूला. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतात, ते बरंच आहे. हात बांधलेला बघून कोणी विचारलं की सांगतात, "पट्टे ने तोड़ा." माझं नाव घेत नाहीत.

पाच नंबरच्या गाडीचा रामसुख. पन्नाशीचा, शांत, चष्मा घरी विसरून आलेला. खाच डोळ्यांनी नाही, बोटाने चाचपून बघतो. सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात बरोबर. जाताना म्हणाला, "मैडम, और अगर कोई मर रहा हो, और पट्टा कम हो, तब?"

सुटा पट्टा आहे ना, सीटखाली.

"वह भी लग चुका हो, तब?"

मी म्हटलं, तब मत चढ़िए. खालीच थांबा. त्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मलाही ते म्हणताना पटलं नव्हतं.

१९ जून, बुधवार

आठही गाड्या ट्रकवर चढून गेल्या. प्रत्येकाला आठ-आठ पोस्टकार्डं दिली, माझ्या पत्त्याची. आठवड्यातून एक. पट्टा किती तास चालला, खाच उतरली का, बास.

शेड रिकामी. घरी आल्यावर मुक्ता म्हणाली, "अब तो आप सोएँगी न?" पोरीला सगळं कळतं.

२ जुलै, मंगळवार

आठही कार्डं आली, पहिल्या आठवड्याची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीने चिकटवली. सात जणांचं "ठीक है". रामसुखचं : "पट्टा ठीक है. खाँचा नहीं उतरा. थोड़ी महक आती है."

थोड़ी महक.

कशाने? हवेच्या तोंडात पाणी? ग्रीस? रेस? लगेच उलट टपाली लिहिलं, झाकण उघडा, पुसा, वाळवा, सुटा पट्टा लावा. आज पेटीत टाकलं. पोचायला किती दिवस, देव जाणे.

११ जुलै, गुरुवार

दुसऱ्या आठवड्याची सात कार्डं. पाच नंबरचं नाही.

भटनागर साहेबांनी विभागात फोन लावला. तिकडे पाणी भरलंय, लाइन बंद, डाक जात नाही. दोन नंबरची गाडी त्याच बाजूला आहे, तिचं कार्ड आलंय, हे मी म्हटलं नाही. त्यांनीही तेच मनात मोजलं असावं. म्हणाले, "बाढ़ में डाक देर से आती है, मिसेज माने." आणि दुसऱ्यांदा फोन फिरवला.

दिवसभर सायकलची घंटा ऐकली की उठते. दूधवाला. पेपरवाला. पुन्हा दूधवाला.

१६ जुलै, मंगळवार

आजही सात. दोन नंबरवाल्याने खाली एक ओळ जास्त लिहिलीय : "उधर पाँच नंबर बहुत दौड़ रही है. दिन में चार-पाँच फेरे."

चार-पाच खेपा. म्हणजे तास कधीच संपले. सुटा पट्टाही लागला असेल. आणि माणसं येतच असतील.

दुपारी साहेबांना सांगितलं, मी जाते, पाच नंबरकडे, बहराइचच्या पुढे. चार पट्टे द्या. त्यांनी सहा दिले, रजेचा अर्ज मागितला नाही. सुहास आधी म्हणाला नको, मग बहराइचच्या शाखेतल्या मित्राला फोन करायला निघून गेला.

इक्बालभाईंना फक्त कळवायला गेले होते. जिन्यातच शमीमभाभी भेटली, दोन महिन्यांनी. मला बाजूने जाऊ दिलं. ते म्हणाले, बंध्याचा रस्ता तुम्हाला सापडायचा नाही, मी येतो. हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मी नको म्हटलं. तेवढ्यात मागोमाग वर आलेली भाभी दारातून म्हणाली, "जाने दीजिए. यहाँ बैठे-बैठे भी वही सोचते रहेंगे." मग माझ्याकडे न पाहता : "इस बार पहले इनसे पूछ लीजिएगा."

हो म्हटलं.

पिशवीत सहा पट्टे, स्पिरिटची बाटली, फडकी. पट्ट्यांना अजून नव्या रबराचा वास आहे. मुक्ता पराठे गुंडाळून ठेवतेय. 

कैसरबागच्या स्टँडवरून पहिली बस उद्या पहाटे सहाला. बहराइचच्या पुढे बंधा कुठपर्यंत कोरडा आहे, तिकीट खिडकीवरच्यालाही सांगता आलं नाही.